बाळंतिणीची न्हाणी आणि डबाभर लाडू

ती घटना अजून डोक्यातून गेलेली नाही. आठवली की आधी मेथीचा वास येतो, कारण त्या प्रकरणात मी जप्त केलेला एकमेव मुद्देमाल म्हणजे डबाभर लाडू.

मी तेव्हा देवळीला ठाणेदार होतो. थंडीचे दिवस. यात्रेचा बंदोबस्त नुकताच आटोपलेला, पाय बुटातून बाहेर यायला तयार नव्हते. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच रुग्णालयातून मेमो आला: एक बाळंतीण बेशुद्धावस्थेत दाखल, नातेवाइकांना विषबाधेचा संशय. मागोमाग फोन वाजला. एक बाई कुजबुजली, "सायेब, त्या घरच्या सुनेले पकडा. नणंदेले लाडवातून काही तरी चारून राह्यली." नाव विचारताच फोन बंद. ज्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं सगळं कसं ठाऊक असतं, हे कोडं मला निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही.

घर साधं, नोकरदारांचं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घरात तिची आई, भाऊ आणि भावजय. हीच ती सून. आईचा जबाब घेताना मला लेखणी थांबवायची संधी मिळाली नाही. लेक याआधीही एकदा अशीच पडली होती. तेव्हा दवाखान्यात नेलं, तर तिथे ठणठणीत झाली. घरी आणली, पुन्हा चक्कर, उलट्या, शुद्ध हरपली. "दवाखान्यात सुनेच्या हातचं खात नाई ना ते," आई म्हणाली. मालीश करणाऱ्या बाईचंही डोकं त्या घरातून निघताना दुखायचं, आणि रोज एक लाडू तिलाही मिळायचा. युक्तिवाद इतका पक्का होता की सरकारी वकिलालाही हेवा वाटावा.

डॉक्टर म्हणाले, नमुने प्रयोगशाळेत पाठवलेत, अहवाल येईपर्यंत सांगता येणार नाही. गल्लीला अहवालाची गरज नव्हती. शेजारणींनी सुनेशी बोलणं टाकलं होतं. नवराही तिच्या हातचा चहा न घेता कचेरीत जाऊ लागला होता.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. म्हणून महिला शिपायाला घेऊन मीच तिच्या स्वयंपाकघरात गेलो. सून पोळ्या लाटत होती. माझा अनुभव असा की, मनात खोट असलेल्या माणसाचे हात पोलीस समोर आला की थांबतात. हिचे थांबले नाहीत, पोळ्याही गोल होत राहिल्या. पण गोल पोळी हा काही पुरावा नव्हे.

लाडू कोणी केले, विचारलं. तिनेच. तू खाल्लेस का?

"बाळंतिणीचे लाडू घरची सून खाते काय, सायेब?" तिने लाटणं खाली ठेवलं. "न्यायचं असन तर न्या मले. पण एकदा तुमच्या गाडीत बसली का मंग मी खरी का खोटी, कोणी इचारत नाई."

त्या वाक्यानंतर मला तिला अटक करवेना. लाडवांचा डबा तेवढा जप्त करून निघालो. न करावी तर उद्या बाळंतीण बरी होऊन घरी येणार आणि तिचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार मी. त्या रात्री झोप लागली नाही. मग पोलिसी डोक्याने पोलिसी मार्ग काढला. त्याच महिला शिपायाला साध्या साडीत घरात ठेवायचं. सुनेने तिला पाहिलं होतं, म्हणून लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. हुकूम दोनच: बाळंतिणीला नजरेआड करायचं नाही, आणि त्या घरातला अन्नाचा कण, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. ही शिपाई म्हणजे शब्दाला पक्की. घरून डबा आणि पाण्याची बाटली घेऊन गेली. आणि नजरेआड करायचं नाही म्हटलं होतं, म्हणून सकाळी बाळंतिणीच्या न्हाणीतही जाऊन बसली.

थोड्या वेळाने तिचा फोन. आवाज खोल गेलेला. "सर, मले गरगरून राह्यलं. उलटी झाली. बाळंतिणीले बी चक्कर आली, तिले अंगणात आणून बसवलं."

मी भडकलो. "तिथं खाल्लंस कशाला?"

"पाण्याचा घोट बी नाई घेतला, सर."

ठाण्याबाहेर गाडी सुरू करेपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात नीट बसलं. जिने काहीच खाल्लं नाही, तीही पडली. मग लाडू सुटले, सूनही सुटली. उरली ती न्हाणी.

तिथे जाऊन दार सताड उघडलं. आत भिंतीवर गॅसचा गिझर. गरम पाण्याचा नळ सोडला, तर ज्योत निळी असायला हवी ती पिवळी फडफडत होती, वरची भिंत काजळीने काळी. वरच्या झरोक्यात जुनी गोधडी ठासून बसवलेली, दाराच्या फटीशी गोणपाट. नळ बंद केला, सिलिंडर बंद केलं, गोधडी ओढून काढली.

"हे कोणी कोंबलं?"

"मीच," आई म्हणाली. "बाळंतिणीले हवा लागू नाई म्हणून."

सून दारातून म्हणाली, "म्या एकदा काढली होती ते. भिंत काळी होऊन राह्यली होती, पुसा लागते मले. तर आई म्हणाल्या, माह्या लेकीच्या जिवावर उठली."

बाकीचे लोक बादली भरून, गिझर बंद करून आंघोळ करत. बाळंतिणीचंच न्हाणं तेवढं लांबलचक, दार लावून, गरम पाणी सतत सुरू. मालीशवाली पाणी घालून लवकर बाहेर पडायची, म्हणून तिचं नुसतं डोकं दुखायचं. बिघडलेल्या गिझरमधून निघणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, ना रंग, ना वास, आणि बाहेर जायला वाट ठेवलेली नव्हती. बाळाला अंगणात उन्हात न्हाऊ घालत, म्हणून ते वाचलं. दोघींना लगेच रुग्णालयात पाठवून डॉक्टरांना गिझरचं सांगितलं. रक्ततपासणीत तोच वायू निघाला. गिझर मेकॅनिकने काढून दुरुस्त केला आणि न्हाणीबाहेरच्या भिंतीवर बसवला. वाचकांनो, तुमचा आत असेल तर आजच बाहेर काढा, आणि ज्योत पिवळी दिसली तर तो लावूच नका.

तक्रार मागे घ्यायला आई सुनेला घेऊन ठाण्यात आली. रडत रडत आईने जबाब दिला. मी कागद मिटला, जांभई दिली, प्रकरण संपलं असं समजलो. सून उठली नाही.

"आई, इथं कोणी आयकलं?" ती म्हणाली. "गल्लीत बोलल्या, गल्लीत सांगा."

कलम कोणतंही लावा, माणसाच्या नावाला लागलेला डाग आमच्या ठाण्यात धुऊन मिळत नाही. इतकी वर्षं खात्यात काढून हे मला त्या बाईकडून कळलं.

संध्याकाळी गस्तीच्या निमित्ताने मी त्या गल्लीतून गेलो. आई एकेका दारात उभी राहून सांगत होती, "माह्याच हातानं झालं. सुनेचं काही नाई." सून दोन पावलं मागे, नणंदेचं बाळ खांद्यावर. थकून म्हातारी एका ओट्यावर बसली. सुनेने मोकळा हात पुढे केला.

"उठा आई. समोरचं घर राह्यलं."