काकांनी बसवलेले पिचर

दोष काकांचा. हे आधीच सांगतो, कारण आमच्या ऑफिसात गोष्ट संपेपर्यंत दोष माझ्यावर आलेला असतो. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या या टॉवेल एक्सपोर्टच्या ऑफिसात असले किस्से कोपऱ्यातल्या सुताच्या कचऱ्यासारखे साठत जातात. वडीलधाऱ्यांचे म्हणून कुणी झाडत नाही.

अमेरिकेतल्या बायरनं सगळ्या सप्लायरना आपल्या फँटसी बेसबॉलमध्ये घेतलं. तिकडचे खरे खेळाडू निवडून आपण टीम लावायची. ते खेळतील तसे आपल्याला पॉइंट. पिचर म्हणजे त्यांचा बॉलर. सगळी मदार त्याच्यावर.

मालक अण्णा म्हणाले, "पहिल्या तिनात आण रे, एक्सपोर्टचं टेबल तुझं!"

मी इंजिनिअरिंग अर्धं सोडलेला, चेकिंगला उभं राहून टॉवेलचे सुटे धागे कापणारा. मला ते टेबल हवं होतं. जाता जाता अण्णांनी शेपूट जोडलं, "फक्त काकांना विचारून कर."

काका म्हणजे मॅनेजर. मूळचे वळसंगचे, अण्णांच्या वडिलांच्या काळापासूनचे. त्यांना विचारल्याशिवाय इथं पंखासुद्धा फिरत नाही.

*

काकांनी पिचर निवडले ते बाजारात बैल निवडावेत तसे. स्क्रीनवर फोटो मोठा करून म्हणाले, "मान बघ की! हा वढणार."

मी म्हटलं, "काका, हा म्हातारा झालाय. संपला आता."

"अनुभव हाय त्याला!"

या ऑफिसात अनुभव म्हणजे खुर्ची न सोडणं.

*

त्या मानेवाल्या पिचरचं कोपराचं ऑपरेशन झालं. वर्षभर खेळणार नव्हता. काढूया म्हटलं तर काका खवळले.

"आजारी पडला म्हणून माणूस टाकायचा? आपल्यात आसं चालत न्हाय!"

पॅकिंगचे सलीमभाई शेजारी उभे होते. टायफॉइडमधून उठून आले, तर त्यांची जागा काकांनी दुसऱ्याला दिलेली. ते आता गोण्या उचलत होते.

सलीमभाई हळूच म्हणाले, "काका, मेरेकू बी टीम में लेव ना."

आणि त्यांनी पुढची गोणी उचलली.

*

एकदा एक भारी पिचर मोकळा झाला. जो आधी घेईल त्याचा. मी बटण दाबणार, तेवढ्यात काकांनी हात धरला.

"आज अमावस्या हाय. उद्या घिऊ."

सकाळी तो दुसऱ्या सप्लायरकडे गेलेला. काका म्हणाले, "नशिबात आसंल तर यील परत."

अमेरिकेतला पिचर सोलापूरच्या अमावस्येला अडला! अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "काका बोलले ना? मग असेल काहीतरी."

*

तरी सीझनच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिसरे होतो. माझ्या जिवावर.

पिचर एकदा खेळला की चार-पाच दिवस बॉल टाकत नाही. खांदा आहे, पाण्याची मोटर नव्हे. हे मी काकांना सांगून थकलो होतो. मॅच आपल्या पहाटे, म्हणून टीम संध्याकाळीच लावायची. ज्यांची विश्रांती पुरी झाली होती ते सगळे पिचर मी लावले आणि सात रस्ता चौकात चहाला गेलो. माझ्यामागं काकांनी कॉम्प्युटर उघडला.

सकाळी बघतो तर पिचरचे पॉइंट शून्य. लावलेले सगळे बाहेर, आदल्या दिवशी खेळलेले सगळे आत!

"काका, हे काय केलंत?"

"ती समदी चार दिस बसून खात हुती. कालची पोरं राबलेली. राबणाऱ्याला काम द्यायचं का बसणाऱ्याला?" वर माझ्याकडं बघून, "तुला बसणारीच आवडायची म्हणा. कालिज सोडून बसलेला तू!"

संध्याकाळी बायरचा व्हिडिओ कॉल. आमची टीम बघून तो हसत होता. अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काल टीम कुणी लावली?"

काकांनी चष्मा पुसला. "ह्या पोरानंच की. मी नगं नगं म्हनत हुतो."

आम्ही चौथे आलो. एक्सपोर्टच्या टेबलावर काकांचा भाचा बसतो. मी चेकिंगला उभा आहे.