मामींची जड वीणा

कुठलीही वस्तू हातात आली की मामी आधी ती बोटाच्या पेरानं वाजवून बघत. मडकं, परात, पेटीचं झाकण, दाराची फळी, कलिंगड, काहीही. दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून कान द्यायचा आणि निकाल सांगायचा. निकाल दोनच असत. "बोलून राह्यलं," नाहीतर "मुकं हाय."

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेलच, ज्याला विचारल्याशिवाय कुणी मडकं विकत घेत नाही. आमच्या मामी लांबून येताना दिसल्या की कुंभार घाईघाईनं तडकी मडकी मागं सरकवायचा. नरसीजवळच्या त्या खेड्यात मी शाळामास्तर म्हणून गेलो ते साल एकोणीसशे पस्तीस-छत्तीस असेल. पहिल्याच दिवशी मामींनी शाळेचा नवाकोरा फळा वाजवला आणि म्हणाल्या, "मास्तर, हे मुकं हाय. आतून खाल्लेलं हाय."

मी हसलो. मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि मला पुष्कळ कळत होतं. दिवाळीच्या सुटीनंतर येऊन पाहतो तर फळ्याच्या खालच्या कडेतून वाळवीची माती गळत होती. तेव्हापासून मी मामींना हसायचं सोडलं, निदान तोंडावर तरी.

त्या माझ्या खोलीच्या शेजारीच राहत. सख्ख्या मामी कुणाच्याच नव्हत्या, पण सगळं गाव त्यांना मामी म्हणायचं. त्यांचे मालक गावचे सुतार. मी जाण्याआधीच ते वारले होते. जन्मभर त्यांनी बैलगाड्या, तिफणी आणि जुवं केली, आणि वीणा एकच केली, गावच्या विठोबाच्या देवळासाठी. तिची दांडी सागवानाची होती. खालचा भोपळा मामींनी परसातल्या कुडावर वेल चढवून वाढवला होता. "दांडी त्यांची, भोपळा माझा," असं त्या पाहुण्यारावळ्यांना सांगत. मूलबाळ झालं नाही. नवऱ्यामागं त्यांच्याकडे राहिलं ते एवढंच, आणि तेही देवळात.

श्रावणात देवळात सप्ताह बसायचा. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. एकानं ती गळ्यात घालून देवासमोर तासभर उभं राहायचं आणि तारा छेडत राहायचं. तास झाला की दुसरा येणार, उभा आहे त्याच्या पाया पडणार आणि पट्टा आपल्या गळ्यात घेणार. याला पहारा म्हणतात. वीणा जमिनीला टेकली की सप्ताह मोडला. बायकांनी वीणा घ्यायची नाही असं कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण तसं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मामी मागच्या खांबाला टेकून बसायच्या आणि ऐकायच्या.

अडचण एकच होती. गाड्या करणाऱ्या हातांनी वीणा केली होती. दांडी चांगली मनगटाएवढी, खुंट्या मेखांसारख्या ठोकलेल्या. तासाभरानंतर माझा खांदा दोन दिवस वर होत नसे आणि पोरं समजत, मास्तर आज छडी उगारणार नाहीत.

"मामी, मामांनी वीणा न्हाई, जू केलंय," असं पहारेकरी चिडवत.

"मंग बैल व्हा," मामी म्हणत. "बैलाला तरी सूर कळते."

मग हिंगोलीच्या एका व्यापाऱ्यानं नवस फेडायला हैदराबादेहून नवी वीणा आणून दिली. काळीभोर, चकचकीत, दांडीवर हाडाची बारीक नक्षी, आणि वजनाला अशी की लेकरानंही उचलावी. पहारेकऱ्यांचे चेहरे उजळले. मामींनी पुढं होऊन नव्या भोपळ्यावर टकटक केली.

"बोलून राह्यलं," मामी म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "पर थोडंच."

कोणती ठेवायची यावर देवळात बसून एक अख्खी दुपार खल झाला. देवळाचं सगळं बुवा बघत. म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, तुमी शिकलेले. दोन्ही घेऊन उभे ऱ्हा आन् खरं काय ते सांगा." मामींना त्यांनी खांबाकडं तोंड करून बसायला सांगितलं, म्हणजे कोणती वाजतेय ते दिसू नये.

मी दोन्ही वाजवल्या. मामी दर खेपेला पाठमोऱ्या बसून "ही त्यांची", "ही हैदराबादी" असं सांगत गेल्या आणि एकदाही चुकल्या नाहीत. त्यात नवल नव्हतं. चार तारा दोन्हीकडं, पण फरक आम्हालाही कळत होता. नवीची तार बोट लागताच गोड बोलायची आणि लगेच विझायची. जुनीला जोर द्यावा लागे, सूर उशिरा निघे, पण निघाला की गाभाऱ्यापर्यंत जाऊन बराच वेळ तिथंच राही. नवीच्या खुंट्या आरतीपर्यंत उतरायच्या. जुनी एकदा लावली की काल्यापर्यंत बघायला नको. मात्र नवीच्या तारांवरून बोट सहज जाई, आणि जुनीच्या तारा माझं बोट सोलून काढत.

"मास्तर, एका वाक्यात सांगा," बुवा म्हणाले.

"वाजते जुनी चांगली," मी म्हणालो. "वाजवायला नवी चांगली."

"नवी सोयऱ्यावानी बोलती," मामी खांबाकडं तोंड ठेवूनच म्हणाल्या. "दोन घटका गोड, मंग चालली आपल्या घरी. जुनी घरच्या माणसावानी हाय. पर तुमाला सूर कुठं पाह्यजे? तुमाला खांद्याला आराम पाह्यजे."

ते सगळ्यांना लागलं. मलाही लागलं. कुणीतरी तिरसटून म्हणालं, "मामी, तुमाला काय जाते बोलायला? तुमी कधी तासभर धरली का?"

मामींनी खांबावर दोनदा टकटक केली आणि निकाल न सांगताच घरी निघून गेल्या.

बुवांनी तोड काढली. रात्री नवी, दिवसा जुनी. पण माणसाच्या आळसाला फट दिसली की तो आत शिरतोच. दुसऱ्या वर्षी पहाटेचे पहारे नव्या वीणेकडं गेले, तिसऱ्या वर्षी सकाळचे. करता करता जुनीकडं एकच पहारा उरला, भर दुपारचा, आणि तो माझा. मी काही मोठा भक्त नव्हतो. मामी शेजारी राहत होत्या आणि रोज सकाळी त्यांच्याच अंगणातून मला जावं लागे, इतकंच. आता सप्ताहात त्या तेवढ्या एका तासापुरत्याच देवळात येत. तास संपून नवी वीणा आली की पदर झटकून उठत.

अठ्ठेचाळीसचा श्रावण आला. त्या वर्षी निजामाच्या मुलखात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. तरणी माणसं सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघून गेली होती. पहाऱ्याला माणसं पुरेनात. सप्ताह बसला त्या दिवशी बुवा मामींना म्हणाले, "औंदाच्या साली शेवटचं. म्होरल्या साली जुनी खुंटीला लावू. मास्तरांचाबी खांदा आता थकला." मामींनी मान हलवली. माझा खांदा थकला होता हे खरं, तरी मला बुवांचा राग आला, आणि "नाही थकला" असं म्हणायचं काही मला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी मी दुपारचा उभा होतो. बाकीचे जेवायला गेले होते. देवळात मी आणि खांबाशी मामी, दोघंच. बाहेरून ओरडा आला, "पळा! कळमनुरीकडून लारी येऊन राह्यली!" त्या दिवसांत निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं लारीतून गावं लुटायला येत, आणि लारी या एका शब्दानं गावं रिकामी होत. बाया लेकरं उचलून ज्वारीच्या शेतांकडं धावू लागल्या. माझी बायको बाळंतीण होती, घरात सव्वा महिन्याचं पोर होतं. आणि माझ्या गळ्यात वीणा होती.

"काहून उभे राह्यले?" मामी उठल्या.

"वीणा, मामी."

"ती काय पळून चालली का? आणा इकडं."

मी पट्टा गळ्यातून काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. त्या देवळात कुणा बाईच्या गळ्यात वीणा गेली ती तेव्हा पहिल्यांदा, आणि तेवढा विचार करायलाही मी थांबलो नाही. पायरी उतरताना मागं तार वाजली. उशिरा, जाड, नेहमीसारखी.

ज्वारीत बायकोपोराजवळ बसून मी कान देत राहिलो. एवढ्या लांब वीणा ऐकू येणं शक्यच नव्हतं. दुपार गेली. ऊन कललं तेव्हा कुणीतरी बातमी आणली, लारी लाकडं न्यायला आली होती आणि ओढ्याच्या चिखलात रुतून बसली होती. लोक हसत, थोडे लाजत परतले. मी बायकोला घरी सोडलं आणि देवळाकडं धावलो.

मामी उभ्या होत्या. पाय फाकवून, दगडावर रोवल्यासारख्या. पट्टा खांद्यात रुतला होता, लुगडं घामानं भिजलं होतं, बोट सुजून लाल झालं होतं, आणि ते चालू होतं. सभामंडप भरू लागला. कुणी पुढं होईना. वीणा घ्यायची म्हणजे आधी पाया पडायचं. बाईच्या, तेही विधवा सुतारणीच्या.

"बुवा, सप्ताह मोडला का ऱ्हायला?" मागून कुणीतरी विचारलं.

बुवांनी मामींकडं पाहिलं. "खाली टेकली का?"

"न्हाई."

"मंग कसा मोडला? म्होरला पहारा कुणाचा हाय?"

पुढचा पहारा कुणाचा होता कोण जाणे, पण अर्धा टाकून गेलेला माझा होता. मी पुढं झालो आणि मामींच्या पायांवर डोकं ठेवलं. पट्टा माझ्या गळ्यात घालताना त्या मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मास्तर, लई जड हाय हो."

काल्याच्या दिवशी प्रसाद वाटून झाल्यावर बुवांनी सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, "मामी, आता तुमी सांगा. कोणती ठेवायची?"

"नवी ठेवा," मामी म्हणाल्या. "मी उगंच येवढी वर्सं तुमाला बोलले. धरल्याबिगर काय कळते?"

इतकी वर्षं आम्ही हेच ऐकायला टपलो होतो. आमच्या कुणाच्याच अंगात नव्हता तेवढा खरेपणा त्या बाईत होता, आणि आम्ही तो तिच्या नवऱ्याच्या वीणेविरुद्ध वापरून घेतला. बुवा म्हणाले, बघू. मामींनी एवढंच मागितलं, "पट्टा जरा काढून द्या मला." चार दिवसांनी त्यांनी स्वतःच तो परत लावला, वीणेवर खोळ चढवली आणि तिला खुंटीला टांगून आल्या.

पुढच्या महिन्यात राज्य बदललं. गावात झेंडे लागले, वऱ्हाडात गेलेली पोरं परत आली. खुंटीवरच्या वीणेकडं बघायला कुणाला सवड नव्हती. आणि हिवाळ्यात मामी आठ दिवसांच्या तापानं गेल्या.

तेराव्याच्या भजनाला बुवांनी जुनी वीणा काढायला सांगितली. मी खोळ उतरवली. पट्ट्याला आतून गादी शिवलेली होती. मामींच्या लुगड्याचा हिरवा तुकडा, आत कापूस, वर गोधडीला घालतात तसे दाट टाके. आधी नवी ठेवा म्हणाल्या आणि मग घरी बसून हे शिवलं.

मी भोपळ्यावर पेरानं टकटक केली आणि मान तिरकी केली. कुणी हसलं नाही. मग वीणा गळ्यात घालून मामींच्या दारात तासभर उभा राहिलो. खांदा अजिबात दुखला नाही. तो थोडा तरी दुखावा, असं मला फार वाटत होतं.