शेवटचा वाफा

काकांना अख्खा गाव अर्कवाले म्हणायचा आणि काकूंना त्यात काही वावगं वाटत नसे. लसूण आणि कडुनिंबाचा पाला वाटायचा, भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि संध्याकाळी कांद्यावर फवारायचा. पातीवर जांभळे डाग पाडून ती जाळणाऱ्या करप्याशी काकांचं हाडवैर होतं. घराला असा वास की पाहुणे दारातूनच ख्यालीखुशाली विचारून सटकायचे.

पण काका नुसते हौशी नव्हते. दर हंगामात बांधाकडच्या शेवटच्या वाफ्यावर ते अर्काचा थेंब पडू देत नसत. तो आणि फवारलेले वाफे शेजारी शेजारी बघितले की कळणार, गुण अर्काचा की हवेचा. आणि दरवेळी सगळीकडे पात सारखीच दिसे. शेवटी एका काढणीनंतर त्यांनी पाटा-वरवंटा उचलून गोठ्यामागे टाकला.

"सगळा जन्म पाला वाटण्यात गेला बघ," ते म्हणाले. "हवा चांगली होती म्हणून कांदा वाचला. माझा काही हात नव्हता त्यात."

पुढे छातीच्या दुखण्याने त्यांनी अंथरूण धरलं. पण अन्नावरची वासना उडाली ती त्या दिवसापासून, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. ती पोटात ठेवून जगणं त्यांना अशक्य झालं.

"अहो, शेवटच्या वाफ्यावर मी फवारत होते. दरवर्षी. पंप धुवायला मी न्यायचे ना, तेव्हा तळाशी उरलेलं."

काकांनी विचारलं, "का गं?"

"सगळ्यांना वाढायचं आणि एकालाच उपाशी ठेवायचं, माझ्याच्यानं होईना."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते चिडले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. तसेच पडून ते म्हणाले, "पुन्हा लाव कांदा. आणि या खेपेला हात आवर."

काकूंनी पाटा-वरवंटा घासूनपुसून परत आणला. कांदा लावला, अर्क काढला, पंप पाठीला अडकवून एकटीने फवारणी केली. मग आभाळ भरून राहिलं, दमट हवा हटेना, आणि शेवटच्या वाफ्यात डाग दिसले. पंपात अर्क शिल्लक होता. काकूंचा हात दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्या भरल्या डोळ्यांनी घरी आल्या. पुढे रोज थोडी थोडी पात माना टाकत गेली आणि त्या रोज बघत राहिल्या.

एका दुपारी त्यांनी जळकी पात आणून काकांच्या हातात ठेवली.

"शेवटच्यातली?"

"हो. अख्खा वाफा गेला."

"आणि बाकीचे?"

"तुरळक डाग आहेत. पण पात उभी आहे."

काका त्या डागावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

"तुला फार जड गेलं असेल," ते म्हणाले. मग पात उशाशी ठेवून, "जरा उठवून बसव मला. भूक लागलीय."