सायाळीचं कानडी नाव

लातूरच्या गंजगोलाई बाजारात पत्र्याच्या पेट्या करणारी जी जुनी घरं आहेत, त्यांतलं एक पाशामियाँचं. जाहिदा त्यांची थोरली लेक. लग्न झालं, मोडलं, माहेरी परत आली. त्याबद्दल ती स्वतः बोलत नाही, मग आपण तरी कशाला तोंड घालायचं! हातात कातर आणि हातोडी घेऊन ती बापाशेजारी बसली ती बसलीच. लातुरात बाईमाणसाने पेटी ठोकलेली कुणी बघितली नव्हती. लोक नाकं मुरडायचे आणि पेट्या मात्र तिच्याच हातच्या मागायचे, कारण तिची कडी कधी निखळत नसे.

भूकंप झाला तेव्हा किल्लारीच्या अंगाला पत्र्याच्या शेडात राहणाऱ्यांना सामान ठेवायला काही नव्हतं. टेम्पोभर पेट्या घेऊन जाहिदा तिकडे गेली. एका पडलेल्या घराच्या ढिगावर पोरं एका घुबडाला दगडं मारत होती. म्हणे ह्याच्याच पायगुणानं धरणी हलली! घुबडाचा पंख लोंबत होता. जाहिदाने पोरांना अशा काही शिव्या हासडल्या की पोरं पळाली. मग एका रिकाम्या पेटीला खिळ्याने भोकं पाडून तिने घुबड घरी आणलं. पाशामियाँ पेटीत डोकावले आणि हसले. "लोकाच्या घरी लक्ष्मी येते बेटा, आपल्या घरी नुसतं वाहनच आलं!"

घुबड बरं झालं, उडून गेलं, पण बातमी राहिली. कुणी फाशात पाय अडकलेला कोल्हा आणून दाखवू लागलं, कुणी विहिरीत पडलेली घोरपड. पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. गावोगावची पोरं होस्टेलात राहायला आली आणि प्रत्येकाला एक पेटी लागलीच. दुकान जोरात चाललं. पाशामियाँनी औसा रोडची मोकळी जागा लेकीला देऊन टाकली. वनखात्याची परवानगी आली, जाळीचे पिंजरे झाले, जखमी जनावरांचं केंद्रच उभं राहिलं. सौदामिनी नावाची एक बाई क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. ती रविवारी पोरापोरींचा घोळका घेऊन यायची. पुस्तकात कासवाचं हृदय पाठ करणाऱ्यांनी पहिल्यांदाच जिवंत कासव हातात घेतलं, आणि त्यांतला एक जण चक्क ओरडला. डॉक्टर व्हायला निघालेले हे! असो.

रोज येणारा मात्र एकच, रेवणप्पा. निलंग्याच्या पलीकडचा, कानडी बोलीचा लिंगायत म्हातारा. बायको भूकंपात गेली, तेव्हापासून गाव सोडून लातुरात, एका मुलींच्या होस्टेलावर रात्रीचा वॉचमन. दिवसा झोपावं तर झोप लागत नाही म्हणून इकडे येऊन पिंजरे झाडायचा, पाणी भरायचा. जाहिदाला तो 'जाहिदाक्का' म्हणायचा, ती त्याला 'मामा'. जेवणाच्या वेळी तो आपली भाकरी-शेंगाची चटणी घेऊन कडुनिंबाखाली बसायचा आणि ती आपला डबा घेऊन त्याच्याच शेजारी. तिच्या डब्यात कधी खिमा असला तर ती पाठ करून बसे. त्याने तसं कधी सांगितलं नव्हतं. तिलाच बरं वाटत नसे.

आता गावाचं काय! गाव ते गाव. औसा रोडच्या चहाच्या हॉटेलात बसलेल्यांना एकच कोडं पडलेलं. "तिथं ससे जातात, तितर जातात, हरणाचं पाडस गेलं. मियाँच्या घरी गेलेलं जनावर माघारी येतंय व्हय?" हे जाहिदाच्या कानावर यायचं. ती वरून हसायची, पण आत जळायचं. एखादं जनावर बरं होऊन रानात सोडायचं असलं की ती मुद्दाम दहा लोकांना बोलवायची, बघा म्हणायची, डोळे उघडून बघा.

अशात एके दिवशी सशाची पिल्लं नाहीशी झाली. पिंजरा बंद, कडी जागच्या जागी, आणि आत काही नाही. पुढल्या आठवड्यात तितर गेले. वनपालसाहेब आले, पिंजऱ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "बाई, अजून एक जरी जनावर कमी झालं ना, तर सगळी जनावरं मी उचलून नेणार. परवानगी रद्द. वरून मला विचारतात, काय उत्तर देऊ?" मग आवाज उतरवून बोलले, "लोक काय म्हणून राहिलेत ते तुम्हाला ठाऊकच आहे."

तिला ठाऊक होतं. परवानगी गेली तर गेली, दुकान होतंच. पण हे बंद झालं, तर हॉटेलातली ती माणसं म्हणणार, बघा, आम्ही काय सांगत होतो! तो डाग मग मरेपर्यंत निघायचा नाही. पाशामियाँच्या पांढऱ्या दाढीलाही तो लागणार. त्या दिवसापासून जाहिदाला अन्न गोड लागेना.

आणि संशय म्हणजे काय चीज असते, बाबा! एकदा डोक्यात शिरला की त्याला रोज खुराक मिळत जातो. आधी तिने क्लासची पोरं धरली. कोण लवकर आलं, कुणाची पाठपिशवी फुगलेली दिसली. एका पोरीला सशांचा फार लळा होता, तिला दोन रविवार आत घेतलं नाही. सौदामिनी चिडली. "अगं, ती पोरगी हॉस्टेलात ससा ठेवेल कुठं? गादीखाली?" मग पंक्चरवाला, मग दूधवाला. रेवणप्पाचा मात्र विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता.

तेव्हा पिंजऱ्यात एक सायाळ होती. उसाच्या फडाला लावलेल्या जाळात पाय भाजलेली. आली तेव्हा मरायला टेकलेली, आता चांगली फणफणायची, काटे उभारून अंगावर यायची. सायाळीचं मटण लई गोड लागतं, असं शिकारी लोक म्हणतात, आणि रोडवरच्या ढाब्यांत चोरून त्याची हंडी होते, हेही सगळ्यांना माहीत. म्हणून जाहिदा तिला डोळ्यात तेल घालून जपत होती.

एक दिवस रेवणप्पाची थैली खुंटीवरून पडली आणि आतून सायाळीचे काटे बाहेर आले. चांगला मूठभर जुडगा. जाहिदा जागीच थबकली. सायाळीचा काटा दुसऱ्याच्या उंबऱ्यात पुरला की त्या घरात भांडणं लागतात, असं मानणारे लोक अजून आहेत. काटा मागायला ते केंद्राच्या फाटकाशीही यायचे आणि ती त्यांना हाकलून द्यायची. म्हणजे मामा काटे विकून राहिलेत की काय? तिने काटे परत थैलीत घातले, थैली खुंटीला अडकवली आणि विचारलं काहीच नाही. तिथंच चुकलं.

दोन दिवसांनी ती शेडच्या मागल्या बाजूला पत्रा ठोकत होती. पत्र्याच्या पलीकडे पंक्चरवाल्याचा लाल डब्याचा फोन. रेवणप्पा त्यावर कुणाशी तरी कानडीत बोलत होता, एरवी बोलतो त्यापेक्षा हळू. जाहिदाचा हातोडा वरच्या वर थांबला. कानडी तिला फार येत नसे, पण अगदीच येत नव्हतं असंही नाही. दुकानात निलंगा, उदगीर, बिदरचं गिऱ्हाईक लहानपणापासून बघितलेलं. तिला कळले ते शब्द असे : शुक्रवार. जीप. 'हेळब्याड' म्हणजे सांगू नको. आणि परत परत एकच, हंडी. हंडी तय्यार. हंडी, शुक्रवारा, हेळब्याड.

तिने हातोडा खाली ठेवला. शुक्रवारी ती जुम्म्याला अब्बांना मशिदीत सोडते आणि दुपारी उशिरा येते. तो एकच दिवस जागा रेवणप्पाच्या भरवशावर असते! म्हणजे ससे, तितर, सगळं ह्यानंच... आणि माळकरी काय, लिंगायत काय, स्वतः खात नसेल, पण विकायला काय जातं? या अल्ला, आणि मी ह्याच्यापुढं पाठ करून जेवत होते!

बुधवारी रेवणप्पा म्हणाला, "जाहिदाक्का, जरा बोलायचं होतं." ती म्हणाली, "नंतर." गुरुवारी तो परत आला. "अक्का, उद्याच्याला..." तिने तोडून टाकलं. "मामा, कामं पडलीत माझी." मनात म्हणाली, आता गोड बोलून मला घरी पाठवायला बघतोय. म्हाताऱ्याने मान हलवली आणि झाडू घेतला.

शुक्रवारी ती मशिदीकडे गेलीच नाही. वनपालसाहेबांना बोलावून घेतलं, सौदामिनीलाही. तिघं शेडमध्ये लपून बसली. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. एवढ्यात फाटकाशी जीप थांबली. धोतर-टोपीतला एक मजबूत गडी उतरला. रेवणप्पा त्याला घेऊन सरळ सायाळीच्या पिंजऱ्याकडे निघाला.

जाहिदा वाघिणीसारखी बाहेर आली. खुंटीवरची थैली तिने ओढली आणि सगळ्यांसमोर जमिनीवर उलटी केली. भाकरीचं फडकं, तंबाखूची चंची, विभूतीची गोळी आणि काटे.

"बोला मामा! कुठल्या ढाब्याला चालली हंडी?"

रेवणप्पा नुसता बघत राहिला. "कसली हंडी, अक्का?"

"मला शिकवू नका! मी माझ्या कानांनी ऐकलंय. हंडी तयार हाय, शुक्रवारी जीप घेऊन ये, कुणाला सांगू नको. ससे खाल्ले, तितर खाल्ले, आता ही बी? लोक मला नावं ठेवून राहिलेत आणि घरातच चोर पाळला मी!"

जीपमधला गडी आधी गोंधळला, मग त्याच्या तोंडावर हसू फुटलं. तो रेवणप्पाचा मेहुणा होता, महादेवप्पा. "अवो बाई, हंडी न्हाई, हंदी! हंदी म्हंजे डुक्कर. सायाळीला आमच्यात मुळ्ळुहंदी म्हणतात, काट्याचं डुक्कर. हंदी बरी झाली, सोडायला तयार हाय, असं सांगत व्हते दाजी. आमच्या शिवारात खडकाचा डोंगर हाय, ऊस न्हाई का जाळ न्हाई. तुम्हाला आन् साहेबांना ती जागा दाखवायला न्यावं म्हणून जीप आणली, ती शुक्रवारचीच मोकळी असती. गावात फासेवाले हायेत, म्हणून म्हणले कुणाला सांगू नको."

वनपालसाहेब घसा खाकरून उगाच तितरांच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे जाऊन बसले. थोड्या वेळाने तिथूनच हाक आली. पिंजऱ्यामागच्या पाचोळ्याखालून बीळ उकरलेलं होतं, आत पिसं. आणि कुंपणाच्या कडेला, मागल्या महिन्यात ह्यांनीच बरं करून सोडलेलं अर्ध्या शेपटीचं मुंगूस बसलेलं, मालकासारखं.

जाहिदाला बघायची गरज नव्हती. ससे-तितर कुणी नेले ते तिला कळलं होतं. तरी तिने विचारलंच, कारण माणूस आपली चूक दुसऱ्याच्या पदरात टाकायला शेवटपर्यंत बघतो. "मग मामा, इतक्या दिवसांत तो शब्द एकदा तरी माझ्यापुढं का नाही बोललात? माझ्यापुढं कायम सायाळ, सायाळ."

रेवणप्पा खाली वाकून भाकरीचं फडकं झटकत होता. "तुमच्यात त्या जनावराचं नाव बी घेत न्हाईत. तुम्ही माझ्यापुढं पाठ करून जेवता. मग मी तुमच्यापुढं ते नाव कसं घेऊ?"

खरंच होतं. पाशामियाँच्या दुकानात कानडी गिऱ्हाइकांनी इतक्या वर्षांत तो एक शब्द कधी उच्चारला नव्हता, म्हणूनच तो तिला माहीत नव्हता.

"आन् हे काटे?" सौदामिनीने हळूच विचारलं.

"गळलेले. इथं पडून ऱ्हायले तर लोक उचलून नेतात, कुणाच्यातरी दारात पुरतात. मी नेतो आन् चुलीत घालतो." त्याने एकेक काटा वेचून थैलीत ठेवला. "चांगलं न्हाई ते. घरात भांडण लागतंय."

जाहिदा रडली. ती पाया पडायला वाकली, पण म्हाताऱ्याने पाऊल मागे घेतलं. माफी मागितली, दहा वेळा मागितली. तो "ऱ्हाऊ द्या" म्हणाला. पुढल्या आठवड्यात सगळे जण त्या डोंगरावर गेले, पेटीचं झाकण उघडलं, सायाळ फणफणत बाहेर आली आणि खडकात शिरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रेवणप्पाही होता. हसलाही.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा कामाला आला. परत यायचा नाही, असं तिला रात्रभर वाटत होतं. त्याला बघून तिच्या जिवात जीव आला. त्याने पिंजरे झाडले, पाणी भरलं, भाकरी खाल्ली. संध्याकाळी जाताना मात्र तो फाटकाशी थांबला, थैली खांद्यावरून काढली आणि तिच्यासमोर उलटी केली. फडकं, चंची, विभूती.

"मामा! काय करून राहिलात हे?"

"बघून घ्या, म्याडम."

जाहिदाक्का नाही. म्याडम. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर तिने भांडून मिटवलं असतं. तिने हात जोडले, थैली स्वतः भरून त्याच्या हातात दिली. तो हलेना. "बघितलं का?" म्हणाला. शेवटी तिला म्हणावं लागलं, "बघितलं, मामा." तेव्हा कुठे तो गेला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. रेवणप्पा अजून येतो, गुडघे धरलेत तरी येतो. आणि रोज संध्याकाळी जाहिदा फाटकाशी उभी राहून त्याची उलटी केलेली थैली बघते. बघितलं असं म्हटल्याशिवाय तो घरी जात नाही.