मास्तरांनी दिलेलं माप

मापाच्या धंद्यात हयात घालवलेला माणूस दुसऱ्याच्या टेपवर विश्वास ठेवत नाही. टेलरमास्तर तर जन्माचेच शंकेखोर. दूध उतू गेलं नाही, तर का गेलं नाही म्हणून पातेल्यात डोकावणारे.

त्यांना नाद एकच, सायकलचा. पण दुकानातली तयार रेसिंग सायकल घेतली आणि मान धरली. पाय लांब, धड आखूड. हँडल गाठताना मान कासवासारखी बाहेर. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. मेहुणा म्हणाला, "दाजी, सोडता कशाला? अंगाबरहुकूम फ्रेम करून घ्या, स्टीलची."

"अंगाबरहुकूम!" मास्तर फिस्कारले. "मला शिकवतोस?"

उमेदवारीत त्यांनी पाहिलं होतं. उस्ताद राजाचा अंगरखा शिवायचा असल्यासारखी मापं घ्यायचा आणि गिऱ्हाइकाची पाठ वळली की माळ्यावरच्या तयार कोटाला आपलं लेबल लावायचा.

तरी गेले. मानेपुढे इलाज काय? पत्र्याच्या शेडमध्ये नळ्या टांगलेल्या, फ्रेमवाल्याची एक भुवई जळालेली.

"माळ्यावर काय आहे?" मास्तरांनी आल्या आल्या विचारलं.

"कबुतरं."

"स्टीलपेक्षा कार्बन हलकं असतं म्हणे."

"असतं की. पण ते उसवता येत नाही. स्टीलचा सांधा सोडवायचा, नळी आखूड करायची, परत झाळायची. तुमच्या शिवणीसारखंच."

गोड बोलतोय, मास्तरांनी मनात नोंद केली. फ्रेमवाला हाताचं माप घ्यायला लागला, तसा त्यांनी हळूच खांदा पुढे रेटला. हात चांगला तीन बोटं लांब भरला. आता फ्रेम नीट बसली, तर हा चोर! मापं न बघता तयार माल खपवणारा.

फ्रेम आली, चाकं-हँडल चढलं. कोपऱ्यापर्यंत जाईतो मान पिळून निघाली. मास्तर हसतच घरी परतले.

"मान धरून हसताय काय?" बायकोनं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. "म्हणजे माणूस खरा निघाला, आणि सायकल गेली! धन्य आहे तुमची. जा, सांगा त्याला."

मास्तर गेले, पण शेडमध्ये पाय ठेवताच तोंडातून निघालं, "माप चुकलंय तुमचं."

फ्रेमवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं नळीवरून टेप फिरवली, परत फिरवली. "असा चुकत नाही हो माझा हात," तो स्वतःशीच पुटपुटला. "पण चुकला असेल. सोडवतो सांधे."

बाही आखूड झाली म्हणून ओरडणारी गिऱ्हाइकं मास्तरांनीही झेलली होती. त्यांना राहवेना.

"खांदा रेटला होता मी. मुद्दाम."

फ्रेमवाल्यानं टेप खाली ठेवली. डोळे बारीक केले. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही हो. स्वभाव."

"शर्ट काढा." तो आतल्या दाराकडे वळून ओरडला, "आई, जरा बाहेर ये गं. यांचे खांदे दाबून धरायचेत."

म्हातारी पदराला हात पुसत आली. मास्तरांना नखशिखांत न्याहाळलं आणि दोन्ही पंजे खांद्यांवर रोवत म्हणाली, "श्वास सोडा आधी."