आत्यांचा कावळा

कळंबला आमच्या घरामागं धुण्याचा दगड होता आणि शेजारी फुटक्या माठाचं खापर. खापरात पाणी भरायचं, दगडावर पहिली भाकरी कुस्करायची, हे माझ्या सासूबाईंचं रोजचं काम. मी त्यांना आत्या म्हणायचे. चिमण्या, साळुंक्या, कलकलाट करणारे सातभाई, सगळे यायचे. आत्या चूल तशीच सोडून उंबऱ्यात बसायच्या आणि कोण कुणाला ढकलतंय ते मला सांगायच्या. एक कावळा होता, एका पायाची बोटं झडलेला. तो तर त्यांच्या हातातला तुकडा उचलायचा.

आत्या गेल्यावर खापर मी भरत राहिले. नव्वदनंतर ठिबक आलं, तसं दिरांनी पार परसदारापर्यंत डाळिंब लावलं होतं. आत्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि बाग पहिल्यांदा फळाला आली, तसे ते माझ्यावर उखडले.

"वयनी, पाखरं तुमी गोळा करताय आन् फळं माजी फुटत्यात!"

टोच बुलबुलाची की पोपटाची, हे बघायला हा माणूस कधी घटकाभर थांबला असेल तर शपथ! आमच्याकडं एक रीत आहे. मेलेला कावळा वेळूला उलटा टांगायचा, म्हणजे बाकीचे फिरकत नाहीत. दिरांनी गलोलीनं एक पाडला आणि वेळू रोवला तो नेमका धुण्याच्या दगडासमोर. मी जाऊन पाय बघितला. बोटं नव्हती.

"अवो भावजी, ह्यो आत्यांचा हाय!" मी ओरडले.

"कावळ्यावर काय नाव लिवलंय व्हय?" म्हणाले आणि हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात मात्र सगळ्यांचं एकच, कावळ्यापायी भांडण कशाला.

भादव्यात नवमीला आत्यांचा म्हाळ घातला. खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं वाढलेलं पान पत्र्यावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. भावकी ताटकळली. सगळ्यांत मोठ्यानं 'काव काव' कोण ओरडत होतं? आमचे दीर! हात जोडून वर म्हणतात, "आई, बागेला तुजं नाव देतो, पर ये." लाज कशी वाटली नाही, मला अजून कळत नाही.

आभाळात एक पंख दिसेना. सासरे रडवेले झाले. "काय राह्यलं आसंल तिच्या मनात? पोरी, तुजी वळख हाय पाखरांशी. तूच बोलाव की."

मग मात्र माझा तोल गेला. "कुनाला बोलावू, मामा? येनारा त्यो काय तितं टांगलाय!"

सासरे उठले. त्यांनी वेळू उपटला, कावळा सोडवला आणि दगडाजवळ मातीत पुरला. पान गाईला घातलं. सासरे जेवले नाहीत, मीही नाही. दिरांनी खीर मागून घेतली.

दसऱ्याच्या आत तो वेळू पुन्हा उभा राहिला. त्याला दुसरा कावळा होता.