रुमाल टाकलेला लॅपटॉप

बालाघाटच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटर आणायला गेलो होतो. तिथं भरवेलीची एक बाई मांडीवर बंद लॅपटॉप घेऊन बसली होती. लकव्यानं तिच्या आईची वाचा गेलेली, आणि लॅपटॉपमध्ये भरून ठेवलेली, आईच्या आवाजातली लग्नाची गाणी अचानक गायब झालेली. लॅपटॉपवर तिनं रुमाल पसरला होता, बसच्या खिडकीतून टाकून आपण जागा धरतो तसा.

"एकदा चालू करून तं पाहा, ताई," मी म्हणालो.

"नाही भाऊ. दुकानदार सांगून राह्यला, पुसलेल्या फाइली अजून आपल्या जागेवरच हायेत. त्या जागेवर नवीन काही बसलं, का गेल्या. कोणालेच बसू नाही देत मी."

तिचा नंबर येईपर्यंत ती चहालाही उठली नाही. दुकानदारानं डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली, तरी रिकाम्या लॅपटॉपवरचा रुमाल तिनं हलू दिला नाही. माझा प्रिंटर तयार होता, पण माझाही पाय निघेना.

संध्याकाळी स्पीकरमधून कोणीतरी खाकरलं, आणि एका म्हातारीनं हळदीचं गाणं उचललं. ज्याच्यासाठी जागा धरली तो माणूस आल्यावर करतात तसं, बाईनं रुमाल काढून घेतला.